शिट्टीबाईंचा मोकळा तास

…तर काल आपण शिट्टीबाईंना पाण्याच्या टाकीवर सोडून उठलो. त्या अजून तिथंच आहेत. उतरायचं नाव नाही. शाळेच्या गच्चीवर टाकी, टाकीला लोखंडी शिडी, शिडीच्या वरच्या पायऱ्या गंजून गळालेल्या, आणि टाकीच्या झाकणावर फतकल मारून बसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या शिट्टीबाई. पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. तोंड असं लाल, की खालून बघणाऱ्याला वाटावं, टाकीवर कुणी धोक्याचा दिवा बसवलाय.

काल जे मधेच उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ. शिट्टीबाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी सही करायला तेवढं बाहेर निघायचं. बाकी वर्षभर पोरं, पोरांचे आईबाप, भाजीवाली, सगळे शिट्टीबाईच म्हणायचे. शारीरिक शिक्षणाची पदवी त्यांनी घाम गाळून मिळवलेली. म्हणजे खरोखरीचा घाम. दुसऱ्यांची पदवी खुर्चीवर बसून मिळते, ह्यांना धावून, उड्या मारून, आणि वर हाडं-स्नायू पाठ करून मिळवावी लागली. अशी ही बाई टाकीवर का चढली?

त्या दिवशी त्यांचा तास होता. पोरं व्हरांड्यात रांगेत उभी, नाड्या बांधलेल्या, एकमेकांना कोपरखळ्या मारणं चाललेलं. तेवढ्यात गणितसर खडू घेऊन आले. "बाई, एवढा तास द्या हो. समीकरणं राहिलीत." पोरांची तोंडं अशी उतरली, की जशी दोरीवरची ओली कापडं. बाई काही बोलणार, तोच मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, तिकडून जाता जाता म्हणाले, "तुम्ही मोकळ्याच आहात ना बाई? मग जरा टाकी भरलीय का बघून या."

मोकळ्या! ह्या शब्दाचा बाईंना इतका तिटकारा, की घासात खडा लागावा तसा तो दरवेळी दातांत यायचा. आणि गंमत अशी, की हा शब्द शाळेत कुणी आणलाच नव्हता. तो गळून पडला होता. शिक्षकांच्या खोलीत वेळापत्रकाचा एक लाकडी फळा आहे. फार वर्षांपूर्वी एका रंगाऱ्यानं तो रंगवला. जागा थोडी, म्हणून विषयांची पहिली अक्षरं. गणिताला "ग.", भाषेला "भा." आणि खेळाच्या तासाला मैदानाचा "मै." रंगारी होता घाईत, रंग होता पातळ. मात्रांमधला एक ओघळ सरळ खाली आला आणि वाळला. एक मात्रा पुसट झाली, ओघळाचा काना झाला. "मै."चा झाला "मो." नवे शिक्षक आले, त्यांनी विचारलं, "हा मो. म्हणजे काय?" कुणीतरी सांगितलं, "मोकळा तास." झालं! तेव्हापासून बाईंचा तास मोकळा, आणि तास मोकळा म्हणून बाई मोकळ्या. बाके हलवायची, बाई मोकळ्या. घंटेचा शिपाई रजेवर, बाई मोकळ्या. कुणाचं पोर ओकलं, बाई मोकळ्या. बाईंनी किती वेळा सांगितलं, तो फळा दुरुस्त करा. मोठे सर म्हणायचे, "अहो, करा की तुम्हीच, मोकळ्या असाल तेव्हा."

तर टाकी भरलेली आहे हे बघून बाई खाली उतरणार, तर वरून दिसलं मैदान. मैदानावर कुणाच्या तरी दोन गाड्या उभ्या, कोपऱ्यात विटांचा ढीग. आणि त्यांच्या हक्काच्या वर्गाच्या खिडकीतून गणितसरांचा आवाज येतोय. बाईंचं डोकं फिरलं. म्हणाल्या, मोकळी ना मी? मग बसते इथंच मोकळी.

आणि नेमका त्याच वेळी त्यांचा धाकटा भाऊ शाळेच्या फाटकातून आत आला. हा पेशानं टेलर. घाईत निघालेला, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. मागून त्याची पोरगी, अठराची, तिच्या चालण्यावरूनच कळत होतं की दोघं वाटभर भांडत आलेत. शिपायानं गच्चीकडे बोट दाखवलं. टेलरनं मान वर केली.

"ताई! खाली ये!"

"का? तुलाही टाकी बघायचीय?"

"पोरीला आणलंय. तिला दोन शब्द सांग!"

"कसले?"

"तुझं काय वाटोळं झालं ते सांग!"

आता शाळेच्या आवारात उभं राहून असं ओरडतात का? पण टेलरचं तसंच. कात्री चालवताना हात जपून, तोंड मात्र सुसाट. खिडक्यांमधून पोरांची डोकी बाहेर आली.

"माझं कुठं वाटोळं झालंय?" टाकीवरून उत्तर आलं. "चांगली धडधाकट बसलेय!"

"आत्या," भाची ओरडली, "मला तुझीच पदवी घ्यायचीय, आणि बाबा म्हणतात…"

"बाबा म्हणतात वेड लागलंय!" टेलर म्हणाला. "उद्या चारला फी भरायची मुदत संपते, दोन्हीकडची. पैसे एकाच फीपुरते आहेत माझ्याकडे. रक्त-लघवी तपासायच्या कोर्सला तिचं नाव लागलंय, चांगला कोर्स, हाताला काम. आणि ही म्हणते, खेळाच्या कॉलेजात जाणार! तूच सांग तिला. तुझ्याइतकं कोण जाणतं, ह्यात काही राम नाही ते?"

हे ऐकल्यावर बाई उतरल्या. गळालेल्या पायऱ्या टाळत, वयाला न शोभेल अशा चपळाईनं. टेलरला वाटलं, चला, काम झालं. बहीण रागात आहे, आता पोरीला चांगली सोलून काढणार.

आणि सोलून काढलंच. संध्याकाळी, बाईंच्या दोन खोल्यांच्या घरात. बाई एकट्याच राहायच्या. एक स्थळ आलं होतं पूर्वी. मुलगा बँकेत. त्यानं विचारलं, "तुम्ही पोरांना पळायला शिकवता, म्हणजे नक्की काय शिकवता? पळायला काय कुत्रंही येतं." बाईंनी त्याला जिन्यापर्यंत पळवत नेऊन दाखवलं. त्यानंतर स्थळं यायची थांबली. तर स्वयंपाकघरात एक डुगडुगणारं टेबल, पायाखाली घडी करून ठेवलेला पुठ्ठा, खिळ्याला जुन्या शिट्ट्या, आणि गॅसवर चहा. बाईंनी चहा ओतला तो अर्धा बशीत, अर्धा टेबलावर. राग हातात उतरला होता.

"हिशेब मांड," बाई भावाला म्हणाल्या.

टेलरचा हिशेब नेहमी शिलाईत. पैशांत सांगितलं तर त्याला स्वतःलाच कळायचं नाही. "तपासणीचा कोर्स म्हणजे दोन हंगामांच्या गणवेशांची शिलाई," तो म्हणाला. "तुझी पदवी म्हणजे चार हंगाम. वर वसतिगृह. वर बूट, कपडे, शिबिरं. म्हणजे आणखी एक हंगाम धरून चाल. आणि शिकून आल्यावर तपासणीवाली पहिल्या महिन्यात जे मिळवते, ते मिळवायला तुला किती वर्षं लागली?"

"नऊ."

"ऐकलंस?" टेलर पोरीकडे वळला. "नऊ!"

"तू थांब, मी सांगते," बाई म्हणाल्या आणि भाचीसमोर खुर्ची ओढून बसल्या. "नऊ वर्षं मला तासावर पैसे मिळायचे. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. एका तासाला मिळायचं तेवढं हा तुझा बाप पँटची बोटभर लांबी कमी करायला घेतो. आणि हा पँट आत घेतो तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजतं. माझा तास गणितानं आत घेतला की पैसे माझेच कापले जायचे! पाऊस पडला, तास नाही. परीक्षा आली, तास नाही. कुणी पुढारी मेला, तास नाही. सुट्टी लागली, मग तर आनंदच. पोट काय सुट्टीवर जातं? सुट्टीत मी पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली. व्यायामशाळेत लोकांनी उचलून टाकलेली वजनं जागेवर ठेवली, त्यांच्या घामाची बाकडी पुसली. पदवी होती ना माझ्याकडे! हाडं-स्नायू सगळे पाठ होते. कुठल्या स्नायूनं फडकं पिळायचं ते बरोबर ठाऊक होतं."

भाची हसली. बाई हसल्या नाहीत.

"हसू नकोस. शाळेत गणिताचे मास्तर चार, भाषेचे पाच, खेळाचा एक. ती जागा निघते कधी? माणूस निघतो तेव्हा. माझ्या आधीचे सर तब्येतीचे खणखणीत. मी रोज त्यांना नमस्कार करायची आणि मनात म्हणायची, कधी हो जाणार तुम्ही? असला विचार माझ्या मनात यायचा! हे शिकवलं मला त्या पदवीनं."

टेलरचा चेहरा असा उजळला, की जणू शर्ट पहिल्या मापातच बसला. त्यानं खेळाच्या कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक टेबलावर टाकलं. त्यावर एक पोरगी हवेत उडी मारून हसतेय, आणि खाली लिहिलंय, शंभर टक्के नोकरी.

"नोकरी आहे की!" बाई म्हणाल्या. "मला पण होती. टाकी भरलीय का बघायची नोकरी. ह्यात ते छापलंय का?"

"आणि ताई, ही काही पहिली येणारी असती तर गोष्ट वेगळी," टेलर रंगात आला. "चौथी येते! शर्यत कुठलीही असू दे, पोरगी चौथी. तिसरी नाही, पाचवी नाही, नेमाची चौथी. त्याला पदवी कशाला?"

हे मात्र तो चुकीच्या माणसासमोर बोलला. बाईंनी कप खाली ठेवला.

"मीही चौथीच यायचे," त्या म्हणाल्या. "विसरलास? पहिलीला नोकरी मिळते, दुसरीला बक्षीस, तिसरीचा फोटो येतो. ह्या तिघी कधी शिकवायला येत नाहीत. त्यांना कशाला पडलंय? जगातले खेळाचे सगळे मास्तर चौथे. आयुष्यभर पुढच्यांच्या टाचा बघत पळालेले. म्हणून तर त्यांना टाचा कळतात."

"मला पळायचं नाहीच आहे, आत्या," भाची म्हणाली. "मला शिकवायचंय. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, सायकलवरून पडला तेव्हापासून कशालाच हात लावत नव्हता. मी त्याला आधी पडायचंच शिकवलं. आठवडाभर आम्ही नुसते गादीवर पडत होतो. कुशीवर, खांद्यावर, हनुवटी आत घेऊन. आता तो भिंतीवरून उड्या मारतो. त्याच्या आईनं घरी येऊन भांडण केलं."

"भांडण केलं ना?" बाई म्हणाल्या. "हीच तुझी पहिली फी. पुढं अशीच मिळेल."

"त्या पडापडीचे पैसे कोण देतं?" टेलरनं टेबलावर हात आपटला, टेबल डुगडुगलं. "हे बघ ताई, माझे डोळे चालले. सुईत दोरा ओवायला आता गिऱ्हाईकाला सांगतो. ही मिळवती झाली तर मशीन बंद करता येईल. म्हणून विचारतोय, उगाच नाही. का हिनंही तुझ्यासारखंच जन्मभर मोकळं राहायचं?"

गॅसवर दूध असतं तर त्या क्षणी नासलं असतं.

"काय म्हणालास?"

"म्हणजे तसं नाही…"

"मोकळं?" बाई उभ्या राहिल्या. "तूसुद्धा? अरे धाकट्या, तुझ्या पाठीत उसण भरली की तू कुणाकडे येतोस? तुझा खांदा अडकला होता तेव्हा महिनाभर रोज येऊन तुझा हात कुणी फिरवला? तुझी कात्री आज चालतेय ती कुणाच्या पदवीवर? तेव्हा पैसे विचारलेस का कधी, किती झाले म्हणून? मी मोकळी होते ना, मोकळ्या माणसाला कसले पैसे! सगळ्या जगानं मिळून मला फुकट ठरवलं, आणि मग म्हणता, हिला मिळत काही नाही! मिळणार कुठून? कुणी द्यायलाच तयार नाही तर!"

टेलरनं गळ्यातली फीत काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मी हिला फी भर म्हणणार नाही, आणि नको पण म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्या हिला माझ्याबरोबर शाळेत घेऊन जाते. तू दुपारी पैसे घेऊन फाटकाशी ये. डावीकडची बस तपासणीच्या कॉलेजला जाते, उजवीकडची माझ्या. तिथं उभं राहून ठरवू. आता जा. आणि तो चहा पिऊन जा, मला फेकवत नाही."

दुसऱ्या दिवशी मैदानावर गाड्याच गाड्या. संचालक मंडळाची बैठक होती, म्हणजे ज्यांची शाळा आहे त्या मंडळींची. मैदान मोकळंच असतं, असं शिपायाला सांगण्यात आलं होतं. बाई भाचीला म्हणाल्या, "बघ. हे माझं ऑफिस. त्यात आज गाड्या शिकतायत."

दुपारी बाईंचा तास आला. दोघी वर्गाकडे गेल्या, तर गणितसर आधीच आत. आज विचारायचीही तसदी घेतली नव्हती. अर्धा फळा भरलेला.

"सर, हा माझा तास आहे."

"अहो बाई, खाली वेळापत्रक बघा ना," गणितसर खडू न थांबवता म्हणाले. "मो. लिहिलंय. आणि मैदानावर तर गाड्या आहेत. नेणार कुठं पोरांना?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी भाचीकडे बघितलं. भाची हसत नव्हती. तिचे कान तापलेले दिसत होते, आणि ते बाईंच्याच कानांसारखे होते.

बाईंनी शिट्टी तोंडात धरली. त्यांना वाजवायची होती आखूड. आखूड शिट्टी म्हणजे रांग करा, एवढंच. पण रागाच्या भरात फुंकर कुणाच्या ताब्यात राहिलीय? रात्रीपासूनचा सगळा राग छातीत साठलेला, तो एकदम बाहेर आला आणि शिट्टी वाजली ती लांब. एवढी लांब, की बाईंचे स्वतःचे डोळे विस्फारले. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

कारण त्या शाळेत लांब शिट्टीचा अर्थ एकच, इमारत रिकामी करा. आग लागली तर काय करायचं, ह्याची तालीम बाई दर सत्रात घ्यायच्या. मोठ्या सरांशी भांडून घ्यायच्या. "तासांचा खोळंबा होतो हो," हे त्यांचं दरवेळचं रडगाणं. पण पोरांच्या पायांत ते इतकं मुरलं होतं, की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

पहिला उठला तो हाच वर्ग. वह्या तिथंच. धावायचं नाही, बोलायचं नाही, पुढच्यापासून हातभर अंतर. मग शेजारचा वर्ग. मग वरचा मजला. लहान पोरं बाजूच्या जिन्यानं आधी, मोठी त्यांच्यामागून. शिपायानं शिकवल्याप्रमाणे धावत जाऊन विजेचा मुख्य खटका खाली ओढला. वर बैठकीच्या खोलीत अध्यक्ष शिस्तीवर बोलत होते म्हणे, त्यांचा पंखा, दिवा आणि ध्वनिक्षेपक एकदम मेले. आणि सगळ्यात मजा म्हणजे, रांगेच्या शेवटी, हातात खडू, ओठ घट्ट मिटलेले, हातभर अंतर राखून कोण चाललेलं? गणितसर! त्यांनाही कळत नव्हतं आपण का चाललोय ते. पाय चालले होते.

अख्खी शाळा बाहेर आली. मैदानावर उभं राहायला जागा कुठं होती? पोरं गाड्यांच्या मधल्या फटींत उभी राहिली, विटांच्या ढिगाला वळसा घालून उभी राहिली, फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पण रांगेत. फाटकाशी टेलर पैशांचं पाकीट खिशात दाबून उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी रांग निघून गेली आणि तो मधे ओढ्यातल्या दगडासारखा.

मोठे सर धापा टाकत खाली आले. "आग कुठंय? कुठंय आग?"

"कुठं नाही, सर," बाई म्हणाल्या.

"मग शिट्टी कशाला वाजवलीत?"

"चुकून वाजली."

"चुकून!" सरांचा आवाज चिरकला. मागून संचालक मंडळ उतरत होतं. "परत जा! सगळे वर्गात परत जा!"

एकही पाय हलला नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या. हातवारे केले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी हळूच म्हणाली, "सर, बाईंची आखूड शिट्टी झाल्याशिवाय हलायचं नसतं. तुम्ही पण रांगेत या ना."

"बाई, वाजवा ती आखूड."

"नाही वाजवत."

"म्हणजे काय?"

"आधी ह्या गाड्या हलवा. खरंच आग लागली असती तर पोरांनी काय गाड्यांच्या टपावर उभं राहायचं होतं? हे मैदान आहे, आणि हा माझा तास आहे."

अध्यक्ष पुढं आले. त्यांनी रांगांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "ह्या कोण?"

"ह्या?" मोठे सर घाईघाईनं म्हणाले. "ह्या आमच्या खेळाच्या बाई. ह्या मोकळ्याच असतात."

जिभेची सवय हो! माणूस वाईट नव्हता. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पहिल्या तीन रांगा आपोआप सावधान झाल्या.

"सर," बाई म्हणाल्या, आणि ओरडल्या नाहीत, त्यामुळं ते शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं. "तुमचं एकही पोर तुमच्या शब्दानं हलत नाही, अख्खी शाळा माझ्या तोंडाकडे बघत उभी आहे, आणि मोकळी मी? त्या फळ्यावर मै. लिहिलं होतं. मैदानाचा मै. रंग गळला म्हणून मो. झाला. तुम्ही सगळे शिकलेसवरलेले, इतकी वर्षं एक ओघळ वाचताय!"

"तुम्हाला ह्याचा लेखी जाब द्यावा लागेल, बाई."

"देईन की. मोकळी झाले की देईन."

कुणीच हलेना. पोरं हलेनात, बाई हलेनात, मंडळ हलेना. ऊन तापत होतं. शेवटी भाचीच अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. ना ओळख ना पाळख. "काका, ती काळी गाडी तुमची ना? तुमची निघाल्याशिवाय मागची कुणाची निघणार नाही. चावी द्या, नाहीतर तुम्हीच चला."

अध्यक्षांनी खिसे चाचपले. आता खिसे चाचपणारा माणूस हरलेलाच असतो. काळी गाडी निघाली. तिच्यामागून पांढरी. मग बाकीच्या, कुरकुरत, एकेक करून. मैदानाची माती दिसायला लागली. बाईंनी शिट्टी तोंडात धरली, ह्या वेळी मोजून, आणि आखूड वाजवली. रांगा वळल्या आणि आत गेल्या. बाईंचा वर्ग तेवढा बाहेर राहिला. गणितसर क्षणभर मधेच घुटमळले, मग खडू खिशात टाकून आत गेलेल्यांच्या मागं गेले. एका पोराची नाडी सुटली होती, भाची गुडघ्यावर बसून त्याला ती बांधायला शिकवत होती. बांधून देत नव्हती, शिकवत होती.

लेखी जाब बाईंना द्यावा लागला, तोही लगेच दुसऱ्या दिवशी, आणि पगारातून काहीतरी कापलंही गेलं. फळ्यावरचा मो. अजून मो.च आहे. सगळं गोड झालं असं नाही. पण ते नंतरचं.

आत्ता फाटकाशी टेलर उभा. त्याची तीस वर्षं सरळ शिवण बघण्यात गेलेली. त्यानं त्या रांगा जाताना बघितल्या होत्या, आणि येतानाही. एकही टाका वाकडा नव्हता. त्यानं घसा खाकरला, खिशातलं पाकीट चाचपलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. दोन्हीकडची बस दिसत होती.

"ताई," तो म्हणाला, "चारला बंद होतं गं. डावीकडे जाऊ का उजवीकडे?"

बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरांची रांग लावता लावताच म्हणाल्या, "उजवीकडे जा. तोट्याचं आहे, काल म्हणाले तेच आज म्हणते, तोट्याचंच आहे. पण माझ्या जागी माझ्याहून भांडकुदळ कुणीतरी यायला पाहिजे, आणि ती तुझ्याच घरात निघालीय, त्याला मी काय करू? आता फाटकातनं बाजूला हो बघू. माझा तास चाललाय, मी मोकळी नाहीये."